चेहरा पांढराफटक, मागची आरास काळोखात: घरातल्या फोटोंसाठी कॅमेऱ्यातल्या फ्लॅशचा जोर कसा आवरावा

बडोद्यात दांडिया बाजारातल्या आमच्या जुन्या वाड्यात ज्येष्ठा गौरींच्या पूजनाच्या संध्याकाळी माजघरात हळदीकुंकू असते आणि त्याचे फोटो काढण्याचे काम बरीच वर्षे माझ्याकडे आहे. पहिली तीन-चार वर्षे दर खेपेला एकच गोष्ट होत असे. पुढे बसलेल्या आत्यांच्या कपाळावर आणि नाकावर पीठ फासल्यासारखा पांढरा डाग येई, पैठणीचे काठ जळून सपाट दिसत, आणि वहिनींनी दोन रात्री जागून केलेली आरास मागच्या काळोखात पार बुडून जाई. फ्लॅशचा जोर कमी केला की चेहरा सुधारे, पण सगळा फोटोच मलूल होई. म्हणून मी पुन्हा मूळ सेटिंगवर जाई आणि पुढच्या वर्षी तीच तक्रार घेऊन बसे. ही अडचण अनेकांना वारंवार येते आणि बहुतेक जण माझ्यासारखेच या दोन टोकांमध्ये फिरत राहतात, असे पाहण्यात आल्यामुळे तिचा उलगडा सविस्तर लिहीत आहे.

या दुखण्याचे मूळ असे आहे की, फ्लॅश लावून काढलेल्या एका फोटोत प्रत्यक्षात दोन वेगवेगळे प्रकाश नोंदले जातात. एक खोलीतल्या दिव्यांचा, जो शटर उघडे असेपर्यंत सतत आत येत राहतो; आणि दुसरा फ्लॅशचा, जो पूर्ण जोरावरसुद्धा साधारण सेकंदाच्या हजाराव्या भागात येऊन संपतो. फ्लॅशचा जोर कमी करणे म्हणजे त्याची ज्योत मंद करणे नसून ती लवकर तोडणे होय. शटर १/६० सेकंद उघडे असो की १/३० सेकंद, फ्लॅशला त्याचा फरक पडत नाही, कारण तो कधीच विझलेला असतो. खोलीचा प्रकाश मात्र १/३० ला दुप्पट जमा होतो. म्हणून शटरचा वेग खोलीसाठी आणि फ्लॅशचा जोर चेहऱ्यासाठी, अशी वाटणी मनात पक्की करावी. ॲपर्चर (लेन्समधल्या प्रकाश आत घेणाऱ्या भोकाचा आकार; एफ/ पुढचा आकडा वाढला की भोक लहान होते) आणि आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाशाची संवेदनशीलता) या दोन्ही गोष्टी मात्र दोन्ही प्रकाशांवर परिणाम करतात.

आता कॅमेरा आपल्या मर्जीने काय करतो ते पाहावे. 'पी' म्हणजे प्रोग्राम मोडमध्ये, जिथे शटर आणि ॲपर्चर कॅमेराच ठरवतो, फ्लॅश उघडला की बहुतेक कॅमेरे शटर १/६० सेकंदापेक्षा संथ होऊ देत नाहीत, म्हणजे हात हलून फोटो बिघडू नये. आयएसओ २०० आणि ॲपर्चर एफ/४ धरले, तर दोन-तीन दिव्यांच्या घरगुती खोलीला साधारण १/४ सेकंद लागेल, मिळते १/६०. म्हणजे खोलीला हवा त्याच्या सोळावा हिस्सा प्रकाश मिळतो, ती काळी दिसणारच. उरलेला सगळा भार फ्लॅशवर पडतो, आणि फ्लॅश तो भार जवळच्या माणसावर टाकतो. अशा स्थितीत फ्लॅश कमी केला तर ज्या एकमेव प्रकाशावर फोटो उभा आहे तोच आपण काढून घेतो. फोटो मलूल होतो तो यामुळे. कमी करण्याचा उपाय बरोबरच असतो, फक्त तो दुसरा उपाय आहे. पहिला उपाय खोलीला आत घेण्याचा आहे.

पहिल्यांदा खोली, मग फ्लॅश

कॅमेरा 'एम' म्हणजे मॅन्युअल मोडवर ठेवावा. या नावाला पुष्कळ लोक घाबरतात, पण 'एम' मोडमध्येही फ्लॅश स्वतःचे माप स्वतः घेत राहतो. आपण फक्त खोलीचा भाग हातात घेतो. ऑटो आयएसओ बंद करावा, नाहीतर कॅमेरा आपल्या नकळत तो वरखाली करील आणि केलेल्या प्रयोगाचा काहीच अर्थ लागणार नाही. फ्लॅश मिटलेला ठेवून एफ/४, १/३० सेकंद आणि आयएसओ १६०० यावर एक फोटो काढावा. वर सांगितलेल्या आयएसओ २०० आणि १/६० च्या तुलनेत यात खोलीचा प्रकाश बरोबर सोळापट नोंदला जातो. फोटोत आरास, भिंत, समई हे सगळे दिसले पाहिजे, पण प्रत्यक्षापेक्षा एक स्टॉप, म्हणजे निम्म्या प्रकाशाइतके, काळसर. फार उजळ वाटल्यास आयएसओ ८०० करावा, फार काळे वाटल्यास शटर १/१५ पर्यंत नेऊन कॅमेरा खांबाला किंवा दाराच्या चौकटीला टेकवावा. लेन्सला थरथर आवरण्याची सोय असेल तर ती चालू ठेवावी.

ही तयारी झाल्यावर फ्लॅश उघडावा आणि फ्लॅशची भरपाई, जिला मेनूत फ्लॅश एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन म्हणतात आणि जिची खूण विजेच्या बाणाशेजारी अधिक-उणे अशी असते, उणे १ वर आणावी. माझ्या अनुभवात घरातल्या फोटोंसाठी उणे २/३ ते उणे १ १/३ या टप्प्यात उत्तर सापडते. या भरपाईची एकेक पायरी एक-तृतीयांश स्टॉपची असते. एकेक पायरी उतरत चार फोटो काढले की आपल्या खोलीचा आकडा कळतो. तो आकडा वहीत लिहून ठेवावा, कारण पुढच्या वर्षी तीच खोली, तेच दिवे आणि तीच गौर असते.

ही भरपाई सापडण्यात कंपनीप्रमाणे फरक आहे. निकॉनच्या साध्या डीएसएलआर मॉडेलांवर फ्लॅशचे बटण आणि अधिक-उणेचे बटण एकदम दाबून चाक फिरवावे लागते. तिथे भरपाई उणे ३ ते अधिक १ एवढी मिळते. कॅननवर ती 'क्यू' बटणाच्या पडद्यावर किंवा मेनूतल्या फ्लॅश कंट्रोलमध्ये असते. पूर्ण ऑटो मोडमध्ये ही सोय मिळत नाही. तिथे ती शोधत बसू नये.

बदल करूनही फरक पडत नाही तेव्हा

इथे लोक सर्वांत जास्त अडकतात, म्हणून थोडे थांबून सांगतो.

पहिले कारण कॅननच्या ऑटो लायटिंग ऑप्टिमायझरचे. ही सोय फोटो काळसर दिसला की तो कॅमेऱ्यातच उजळवते, त्यामुळे आपण फ्लॅश कमी केला तरी जेपेग फोटो पूर्वीइतकाच उजळ दिसू शकतो. फ्लॅशचा जोर जुळवताना ती मेनूतून बंद करावी. दुसरे कारण निकॉनच्या साध्या मॉडेलांत आढळते: तिथे नेहमीची एक्स्पोजर भरपाई, म्हणजे सगळा फोटो उजळ किंवा काळसर करण्याची सोय, फ्लॅशच्या जोरालाही लागू होते. एखाद्याने खोली उजळ यावी म्हणून ती अधिक १ केली आणि फ्लॅश उणे १ केला, तर चेहऱ्यापुरती बेरीज शून्य होते आणि माणूस बुचकळ्यात पडतो. कॅननवर नेहमीची भरपाई मुख्यतः खोलीच्या प्रकाशावर चालते, म्हणून एकाच सल्ल्याने दोघांचे काम होत नाही. 'एम' मोड वापरणारा कॅननवाला या गोंधळातून सुटतो, निकॉनवाल्याने मात्र ती भरपाई शून्यावर आहे ना हे पाहून घ्यावे.

तिसरे कारण अंतराचे आहे, आणि ते समजायला थोडे गणित करावे लागते. फ्लॅशची ताकद गाइड नंबरने सांगतात. साध्या डीएसएलआरच्या अंगच्या फ्लॅशची ती अनेक मॉडेलांत आयएसओ १०० ला मीटरमध्ये सुमारे १२ असते. तिला ॲपर्चरच्या आकड्याने भागले की पोच कळते: एफ/४ ला ३ मीटर. आयएसओ चौपट केला की पोच दुप्पट होते, म्हणजे आयएसओ १६०० ला तीच १२ मीटर. आता आत्या दीड हातावर बसल्या असतील, तर १२ मीटर पोचणाऱ्या त्या फ्लॅशला पूर्ण ताकदीचा शंभरावा हिस्साही जास्त होतो. प्रत्येक फ्लॅशला सर्वांत कमी अशी एक मर्यादा असते आणि तिच्या खाली तो जाऊ शकत नाही. मग मेनूत उणे २ लिहा की उणे ३, चेहरा पांढराच येतो. अशा वेळी दोन पावले मागे जाऊन झूम वापरावा, किंवा ॲपर्चर एफ/५.६ करावे, किंवा फ्लॅशवर पातळ पांढरा कागद लावावा, ज्याविषयी पुढे लिहिले आहे.

दोन पावले मागे जाण्याचा आणखी एक लाभ आहे. प्रकाश अंतराच्या वर्गाने क्षीण होतो. पुढची रांग दीड मीटरवर आणि मागची तीन मीटरवर असेल, तर मागच्यांना पुढच्यांच्या चौथाई प्रकाश मिळतो. तीच मंडळी तशीच बसलेली असताना छायाचित्रकार दीड मीटर मागे सरकला, तर अंतरे तीन आणि साडेचार मीटर होतात आणि मागच्यांना चौथाईऐवजी जवळजवळ निम्मा प्रकाश पोचतो. सगळ्यांना एका ओळीत न बसवता कॅमेऱ्याभोवती किंचित वळणावळणाने बसवले, तर फरक आणखी घटतो.

पितळी मुखवटा आणि फ्लॅशची फसगत

आमच्या गौरींचे मुखवटे पितळेचे आहेत आणि पूजनाच्या आदल्या दिवशी चिंचेने घासून ते आरशासारखे लखलखीत केलेले असतात. फोटो पाहावा तर मुखवट्याच्या उजव्या गालावर नाण्याएवढा पांढरा ठिपका, ठिपक्यात डोळ्याची कड हरवलेली, आणि बाकी मुखवटा, नथ, शेजारी उभ्या असलेल्या काकू हे सगळे काळवंडलेले. जोर जास्त झाला असे वाटून मी तो कमी करीत असे, आणि काकू आणखी काळ्या होत.

कारण असे की, खरा फ्लॅश उडण्याच्या क्षणभर आधी कॅमेरा एक छोटा पूर्वफ्लॅश सोडतो आणि समोरून परत आलेला प्रकाश मोजून जोर ठरवतो. चकचकीत पितळेवरून तो प्रकाश थेट परत आला की कॅमेऱ्याला वाटते की समोर उजेड भरपूर आहे, आणि तो फ्लॅश आखडता घेतो. काचेच्या तसबिरी, आरसेकाम, तेलरंग दिलेली गुळगुळीत भिंत, स्टीलची भांडी, चष्मा, सगळे हीच फसगत करतात. काळ्या चंद्रकळेच्या बाबतीत उलटे घडते: प्रकाश परत येत नाही म्हणून फ्लॅश वाढतो आणि चेहरा जळतो. संक्रांतीच्या हळदीकुंकवाचे फोटो गौरींच्या फोटोंपेक्षा जास्त का बिघडतात, याचे उत्तर मला इथे मिळाले.

उपाय दोन. एक, कोन बदलणे. चकचकीत पृष्ठभागावर प्रकाश ज्या कोनात पडतो त्याच कोनात परत जातो, आणि अंगचा फ्लॅश लेन्सच्या अगदी डोक्यावर असल्यामुळे समोरासमोर उभे राहिले की परावर्तन लेन्समध्ये येणारच. मुखवट्याच्या एका बाजूला साधारण तीस अंश सरकून उभे राहिले की सपाट काचेवरचा ठिपका पूर्ण जातो. मुखवटा गोलाईचा असल्यामुळे त्याच्यावर तो लहान होऊन कडेला जातो, डोळ्यांवरून तरी हटतो. दोन, माप कुलूपबंद करणे. कॅननवर फ्लॅश उघडा असताना चेहरा किंवा साधी साडी चौकटीच्या मधोमध घेऊन तारकेचे बटण दाबावे. पूर्वफ्लॅश त्याच वेळी उडतो, माप धरून ठेवले जाते, आणि मग चौकट हवी तशी बदलून फोटो काढावा. निकॉनच्या वरच्या मॉडेलांत एखाद्या बटणाला हेच काम नेमून देता येते. ज्या कॅमेऱ्यात ही सोय नाही आणि फ्लॅश हाताने ठरवण्याची आहे, तिथे फ्लॅश मॅन्युअलवर ठेवून १/१६ किंवा १/३२ असा जोर बांधून द्यावा. गौर जागची हलत नाही आणि आपणही एकाच जागेवरून फोटो काढतो, तेव्हा बांधलेला जोर ऑटोपेक्षा अधिक भरवशाचा ठरतो. मी तरी गौरींसाठी आता हेच करतो.

प्रकाश मऊ करणे

जोर बेताचा झाला तरी अंगच्या फ्लॅशचा प्रकाश कडकच राहतो, कारण त्याचे तोंड पेरभर आहे. ट्रेसिंग पेपरचा तुकडा फ्लॅशपुढे बोटभर अंतरावर थोडा फुगवून लावला तर प्रकाशाचे तोंड काहीसे मोठे होते आणि कपाळावरची चमक उतरते; साधारण एक स्टॉप प्रकाश त्यात खर्च होतो, जो जवळच्या फोटोंत आपल्याला घालवायचाच असतो. पांढरे कार्ड तिरके धरून प्रकाश छतावर फेकण्याची युक्ती फ्लॅटच्या पांढऱ्या छताखाली चांगली चालते. आमच्या वाड्याच्या माजघराला काळपट सागवानी तक्तपोशी आहे; ती सगळा प्रकाश गिळते, म्हणून तिथे ही युक्ती मी सोडून दिली. भिंत हिरवी किंवा गुलाबी असेल तर परतलेला प्रकाशही त्याच रंगाचा होऊन चेहऱ्यावर उतरतो, हेही ध्यानात ठेवावे.

रंगाची तक्रार यालाच जोडून येते. फ्लॅशचा प्रकाश दिवसाच्या उन्हासारखा, सुमारे ५५०० केल्व्हिनचा (हे प्रकाशाच्या रंगाचे माप; आकडा लहान तितका प्रकाश पिवळसर) असतो आणि घरातले पिवळसर दिवे २७०० ते ३००० केल्व्हिनचे. खोली आत घेतली की मागची भिंत नारिंगी आणि पुढचा चेहरा निळसर दिसू लागतो. मखराच्या सजावटीत वापरतात तो फिकट नारिंगी जिलेटिनचा कागद फ्लॅशपुढे, काचेला न चिकटवता, धरावा आणि व्हाइट बॅलन्स, म्हणजे रंगांचा तोल, साध्या बल्बच्या खुणेवर ठेवावा. दोन्ही प्रकाश एका जातीचे झाले की चेहरा आणि भिंत पुन्हा एकाच खोलीतले वाटतात.

फोटोच्या तळाशी अर्धगोल काळी सावली येत असेल तर ती लेन्सच्या हूडची (लेन्सपुढे बसवतात त्या कडीची) किंवा लांब लेन्सची आहे. हूड काढून ठेवावा. लागोपाठच्या फोटोंत दुसरा-तिसरा काळा येत असेल तर फ्लॅश पुन्हा भारला जाण्यापूर्वीच शटर दाबले गेले आहे. व्ह्यूफाइंडरमधली विजेची खूण स्थिर होईपर्यंत थांबावे. जोर कमी असला की भारायलाही कमी वेळ लागतो. आणि फ्लॅश अजिबात उडेनासा झाला तर कॅमेरा घरी उघडू नये. आतला कपॅसिटर सुमारे ३०० व्होल्टपर्यंत भारलेला असतो आणि बॅटरी काढल्यावरही त्यात विजेचा साठा राहतो.

फोटो ठीक आला की नाही हे कॅमेऱ्याच्या पडद्यावर नुसते पाहून ठरवू नये. मंद प्रकाशाच्या माजघरात तो पडदा फार उजळ भासतो आणि काळा फोटोही चांगला वाटतो. पांढरे जळलेले भाग लुकलुकून दाखवण्याची सोय चालू करावी. कपाळ लुकलुकले तर जोर एक पायरी उतरवावा. नथीच्या मोत्यावरचा किंवा समईच्या कडेवरचा ठिपका लुकलुकला तर त्याचे मनावर घेऊ नये, तो तसाच असतो. काळसर भाग नंतर संगणकावर बराचसा उजळता येतो, पण पूर्ण पांढऱ्या झालेल्या गालात परत आणण्यासारखे काहीच उरलेले नसते, म्हणून शंका असेल तिथे मी जोर कमीच ठेवतो.

आरतीच्या वेळी मात्र मी फ्लॅश मिटतो. धूप आणि कापराचा धूर लेन्सच्या लगत तरंगत असतो, फ्लॅश त्यालाच सर्वांत आधी उजळवतो आणि सगळ्या फोटोवर दुधाळ पडदा येतो. हवेतली धूळही गोल गोल ठिपके होऊन दिसते. जोर कितीही बदलला तरी हे जात नाही. आरती संपून धूर विरल्यावर, सगळ्यांनी कुंकू लावून घेतल्यावर, फ्लॅश पुन्हा उघडावा.

समईच्या उजेडात बसलेल्या माणसाचा फोटो हवा असेल तर फ्लॅश उणे १ २/३ किंवा उणे २ पर्यंत उतरवावा आणि शटर १/१५ करावे. त्याहून जास्त फ्लॅश झाला की ज्योती नुसत्या पिवळ्या रेघा होतात आणि त्यांचा प्रकाश चेहऱ्यावर पडल्याचे दिसतच नाही. मागच्या गौरींत आत्यांचा असा एक फोटो आला: डाव्या गालावर समईचा तांबूस उजेड, डोळ्यांत फ्लॅशचा टाचणीच्या टोकाएवढा ठिपका, आणि मागे आरासीतली कागदी कमळे एकेक मोजता येतील अशी. वहिनींनी तो मोठा करून दिवाणखान्यात लावला आहे.

गौरी उठल्यावर फ्लॅशची भरपाई आठवणीने शून्यावर आणावी, ऑटो आयएसओ आणि बंद केलेल्या इतर सोयी पूर्ववत कराव्यात. निकॉनवर तर ही भरपाई कॅमेरा बंद केल्यावरही पुसली जात नाही, आणि मग महिन्याभराने कोणाच्या तरी वाढदिवसाला फ्लॅश दुबळा झाल्याची तक्रार सुरू होते.